बोकड अंग झाडेपर्यंत

आमच्या खोऱ्यात सध्या एक वाक्य फार चालतंय. पौडच्या स्टँडवरच्या एका वडाप जीपच्या मागच्या काचेवर ते पिवळ्या अक्षरांत चिकटवलंय, पोरांच्या मोबाइलमध्ये ते वाजतं, आणि परवा दवाखान्याच्या रांगेत पुढचा म्हातारा खिडकीपाशी अडून बसला तेव्हा मागून कुणीतरी तेच म्हणालं नि सगळी रांग हसली. वाक्य असं: ‘झाड की रं बाबा एकदाचं! तुझा जीव तसाबी जाणारच हाय, माझा कशाला घेतोस?’ एका विनोदी पिक्चरमधलं आहे ते. एक शहरी दोस्त, एक खेडवळ दोस्त, उघडी जीप, मागच्या सीटवर बांधलेला बोकड. निघालेत गोव्याला आणि पोचत काही नाहीत, असा तो पिक्चर. बघून आलेले लोक सांगतात, हसून हसून पोट दुखलं. हसा बापड्यांनो. ते वाक्य माझं आहे, आणि मी ते म्हणाले तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

आमचं घर कोळवणच्या खोऱ्यात, डोंगराच्या अंगाला. पुढं ओटा, मागं गोठा, आणि दोन्हींच्या मधे आम्ही माणसं. आंबेमोहोराची पेज उकळायला लागली की वास पार खालच्या पाणंदीपर्यंत जायचा, आणि वाटेनं जाणारा कुणीही ‘झाला का सैपाक?’ म्हणून ओट्याला टेकायचा. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, ओट्यावरच्या खांबाला पाठ लावून विडी ओढत बसलेले. ते कुणापुढं विडी विझवत नसत. तलाठी येवो, पाटील येवो, विडी तशीच. फक्त एक बाई आली की विझवायचे. पांढरं पातळ, हातात चामडी पेटी, पायांत वहाणा, अशी पौडहून येणारी नर्सबाई. आईचं एक मूल जन्मतानाच गेलं आणि आईही जायच्या बेतात होती, तेव्हा त्या बाईनं दोन दिवस आमच्या घरात राहून तिला ओढून आणली. तेव्हापासून ती आली की आप्पा विडी दगडावर चिरडायचे, घरातली एकुलती खुर्ची बाहेर आणायचे आणि स्वतः खाली बसायचे. मी तेव्हा चुलीपाशी भाकरी थापत असायची आणि सगळं बघायची. पुढं लोकांनी विचारलं, तुला नर्सच का व्हायचं होतं गं, सेवा करायची आवड का? सेवा-बिवा काही नाही. मला ती विझलेली विडी हवी होती.

आईला नवस बोलायची खोड होती. म्हैस अडली, नवस. पाऊस लांबला, नवस. नामादादाला ताप आला, नवस. बहुतेक नवस नारळावर भागायचे, कारण देवीला आमची परिस्थिती ठाऊक होती, असं आईच म्हणायची. पण मी मॅट्रिकला बसले तेव्हा आईनं हात आखडला नाही. ‘पोरगी पास होऊ दे, तुला शिंगाचा बोकड देईन,’ असं ती बोलून बसली, आणि मी पास झाले. आमच्या भावकीत मॅट्रिक झालेली पहिली मुलगी. नर्सबाईंनीच साताऱ्याच्या नर्सिंगच्या शाळेची खटपट केली. तिथं राहायचं, खायचं, शिकायचं, सगळं तिथंच. फक्त एका दिवशी दुपारी दोनच्या आत मुलाखतीला हजर व्हायचं, आणि त्या बाईंनी मला चारचारदा बजावलं, ‘शकू, त्या दिवशी नाही पोचलीस तर जागा दुसरीला जाईल. तिथले लोक काही तुझी वाट बघत बसणार नाहीत.’ मी मान हलवली. मला वाटलं, न पोचायला काय झालं?

आता त्या दोन दोस्तांविषयी सांगते, कारण पिक्चर त्यांचा आहे. नामादादा माझा थोरला भाऊ. आडदांड, अबोल, देवभोळा. पालीनं चुकचुक केली तरी उंबऱ्यातून मागं फिरणारा. पुण्यात तो तोवर एकदाच गेला होता आणि घाबरून संध्याकाळच्या एसटीनं परत आला होता. आणि अवी, म्हणजे अविनाश, पुण्यातल्या एका बड्या वकिलाचा मुलगा. त्या काळी आख्ख्या खोऱ्यात शहरातल्या माणसाची एकच बंगली होती, ती त्यांची. आता मोजायला गेलं तर शेतं कमी आणि बंगले जास्त भरतील, पण तेव्हा ती एकच. अवी शनिवारी वडिलांची मिल्ट्रीतून लिलावात घेतलेली जीप घेऊन यायचा. लांब केस, डोळ्यांवर गॉगल, तोंडात सिगरेट, गळ्यात कॅमेरा, आणि जगात ज्याला हसता येणार नाही असं त्याच्या लेखी काही नव्हतंच. देवाला हसायचा, आप्पांच्या फेट्याला हसायचा, स्वतःच्या बापालाही हसायचा. नामादादा त्याला बांधावरचे खेकडे धरायला शिकवायचा आणि तो नामादादाला जीप चालवायला. खेकड्यानं बोट धरलं की अवी नाचायचा, जीप बांधावर चढली की नामादादा ‘आई, आई’ करायचा, आणि दोघं मग चिखलात लोळून हसायचे. खोटं बोलणार नाही, बघायला मजा यायची. आईनं केलेला खेकड्याचा रस्सा अवी नाकातोंडातून पाणी काढत ओरपायचा आणि म्हणायचा, ‘काकू, तुम्ही पुण्यात असता तर मी घरी जेवलोच नसतो.’ आई खूश. मी वाढत असायची. मला तो कधी ‘पुरे’ एवढंही म्हणाला नाही, पण मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. वाढणाऱ्या बाईकडं बघतंय कोण?

मुलाखतीचं कळल्यावर अवीनंच जीप देऊ केली. ‘एसटीनं कशाला? मी सोडतो. नाम्या, तूही चल, मस्त ट्रिप होईल.’ इथवर सगळं चांगलं होतं. पण आप्पांच्या डोक्यात आलं की आमच्या देवीचं ठाणं त्याच वाटेवर, शिरवळ मागं टाकल्यावर आत डोंगरात. जीप तिकडूनच जाणार, मग बोकडही जाऊ दे. सकाळी नवस फेडायचा, दुपारी मुलाखत. एका दगडात दोन पक्षी. आईला हे पटलंच, कारण तिचं म्हणणं, नवस फेडल्याशिवाय पोरीनं नव्या कामात पाऊल टाकूच नये. मी म्हणाले, ‘आये, येताना फेडू की. आधी मुलाखत होऊ दे.’ तर ती माझ्यावर डाफरली, ‘तोंड सांभाळ. देवीला म्हनायचं व्हय, तू थांब, आमी येतो माघारी?’ आणि नेमका त्या दिवशी सकाळी आईला कावळा शिवला. ती काही देवीला जाऊ शकत नव्हती. आप्पांची भाताची लावणी चाललेली, चिखल केलेला, माणसं रानात उभी. तर नवस बोलणारी घरी, फेडायला सांगणारे रानात, आणि निघालो आम्ही : पुढं नामादादा आणि अवी, मागं मी आणि बोकड.

पिक्चरमध्ये हा भाग फार सुंदर दाखवलाय. हिरवे डोंगर, जीप, पाठीमागं गाणं. खरी गोष्ट अशी की जीपचं कापड फाटलेलं होतं आणि बाहेर बारीक पावसाचा बुरंगाट पडत होता. माझ्या अंगावर आईचं लग्नकार्यात नेसायचं हिरवं पातळ, मांडीवर शाळेची कागदं, तीही युरियाच्या पिशवीत घट्ट गुंडाळलेली. शेजारी बोकड, काळा, दांडगा, दाढीवाला, उग्र वासाचा. चांदणी चौकाच्या उतारावर त्यानं पहिल्यांदा अंग झाडलं. सगळा शिंतोडा माझ्या तोंडावर. कात्रजच्या घाटात झाडलं. खेड-शिवापूरला चहाला थांबलो तिथं झाडलं. दर वेळी मी पदरानं तोंड पुसत होते आणि पुढचे दोघं हसत होते. अवीनं थांबवून फोटोही काढला. ‘शकू, हलू नकोस, बोकडाच्या जरा जवळ सरक.’ मी सरकले. पातळाला बोकडाचा वास लागला होता आणि मला एकच काळजी, की मुलाखतीच्या बाई काय म्हणतील. तो फोटो मला पुढं कधी बघायला मिळाला नाही.

देवीचं ठाणं म्हणजे तेव्हा एक पत्र्याचं छप्पर, शेंदूर फासलेला दगडाचा तांदळा, पुढं दगडी फरशी आणि एक गुरव. पद्धत अशी की बोकडाला देवीपुढं उभा करायचा, हळदकुंकू लावायचं, गळ्यात हार घालायचा आणि पाठीवर पाणी शिंपडायचं. मग हात जोडून बसायचं. बोकडानं अंग झाडलं की देवीनं मान्य केलं. न झाडता कापायचा नाही, आणि एकदा पाणी शिंपडल्यावर तो झाडेपर्यंत तिथून कुणी उठायचंही नाही. आमच्यातल्या लहान पोरालाही हे ठाऊक असतं. बहुतेक बोकड पाणी पडताक्षणी झाडतात, त्यात विशेष ते काय. पण आमचा बोकड पहाटेपासून भिजलेला, रस्ताभर झाडून झाडून दमलेला, कानांत पाणी गेलं तरी फिकीर न करणारा झालेला. गुरवानं पाणी शिंपडलं. बोकड उभा. परत शिंपडलं. बोकडानं गळ्यातल्या हारातलं एक झेंडूचं फूल खाल्लं आणि देवीकडं बघत उभा राहिला.

‘झाडंल,’ गुरव म्हणाला, ‘देवी जरा परीक्षा बघती.’

बसलो. मी माझ्या परीक्षेचा विचार करत होते. जरा वेळानं मी गुरवाला म्हणाले, ‘मामा, रस्त्यानं झाडलंय की त्यानं. लई येळा झाडलंय. माझ्या अंगावरच झाडलंय, बगा हे पातळ.’ गुरव म्हणाला, ‘रस्त्यावरचं न्हाई चालत, बाय. हितं झाडाय पायजे.’ पुन्हा पाणी, पुन्हा हात जोडणं. सकाळ गेली. छपराच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. साताऱ्याची वाट अजून बरीच शिल्लक होती. मी नामादादाला म्हणाले, ‘दादा, तू बस हितं बोकडापाशी. मला अवीभाऊ सोडून येतील.’ तर गुरवच मधे बोलला, ‘जिच्या नावाचा नवस ती उटली तर नवस मोडला. मग बोकडबी ग्येला आन् नवसबी ग्येला.’

नामादादानं माझ्याकडं बघितलंच नाही. तो बोकडाकडं बघत होता. मी त्याचं मनगट धरलं. ‘दादा, नवस माझ्या नावाचा हाय ना? मग मोडला तर माझा मोडंल. काय व्हायचं ते माझं हुईल. पर मला जाऊ दे. दोनच्या आत न्हाई पोचले तर जागा जाईल रं माझी.’

‘आईनं बोललेला हाय,’ तो म्हणाला. ‘आईला काय झालं मंजी? मागल्या टायमाला कशी वाचली, तुला ठावं न्हाई?’

तो खराच घाबरला होता. मग मी अवीकडं वळले. माझ्या सगळ्या आशा त्याच्यावर होत्या, कारण तिथं बसलेल्या माणसांत देव न मानणारा तो एकटा होता. आमच्या ओट्यावर बसून त्यानं किती वेळा सांगितलं होतं की दगड तो दगड, बोकड तो बोकड. जीप त्याची, किल्ली त्याच्या खिशात. तो नुसता ‘चल, ऊठ’ म्हणाला असता तर मी उठले असते. नवस मोडल्याचं पाप मी आनंदानं डोक्यावर घेतलं असतं आणि नामादादाही चार शिव्या देऊन गप बसला असता. मी म्हणाले, ‘अवीभाऊ, तुमी तरी सांगा की यांना. चला, मला सोडा.’

अवीच्या डोळ्याला कॅमेरा होता. तो न काढताच तो म्हणाला, ‘अगं थांब गं जरा. त्यांची श्रद्धा आहे, आपण कशाला मोडायची? आणि हे बघ ना, तो कसा उभाय! असा सीन परत बघायला मिळणार नाही.’

इतकी वर्षं झाली, पण या एका वाक्याचं माझ्याच्यानं काही झालं नाही. ना गिळता आलं, ना थुंकता आलं. नामादादाचा राग मी कधीच सोडला. ज्याचा देवीवर विश्वास होता, त्याला भ्यायचा हक्क होता. गुरव त्याचं काम करत होता. पण ज्याचा विश्वासच नव्हता, त्यानं नेमकी त्याच दिवशी श्रद्धा काढली, ती का? तर त्याला मजा येत होती म्हणून. माझं आयुष्य बोकडाच्या पाठीवर अडकलं होतं आणि त्याला सीन दिसत होता.

तेव्हा मी फरशीवर गुडघे टेकून बोकडाच्या पुढ्यात बसले, त्याची दाढी हातात धरली आणि ते म्हणाले. ‘झाड की रं बाबा एकदाचं! तुझा जीव तसाबी जाणारच हाय, माझा कशाला घेतोस?’ गुरव हसला. नामादादा एवढा घाबरलेला, तोही फिस्सकन हसला. अवी तर छपराच्या खांबाला धरून लोळायचा बाकी राहिला. बोकड माझ्याकडं बघत राहिला. त्याच्या पिवळ्या डोळ्यांत मला काही दिसलं नाही, आणि त्यालाही माझ्यात काही दिसलं नसणार.

दुपार कलल्यावर केव्हातरी एक माशी त्याच्या कानावर बसली आणि त्यानं अंग झाडलं. चांगलं शेपटापासून शिंगापर्यंत झाडलं. गुरव ओरडला, ‘दिला कौल! भवानीच्या नावानं चांगभलं!’ नामादादानं जमिनीला डोकं टेकवलं. दोन कधीच वाजून गेले होते. आणि तरी लगेच निघता येत नव्हतं, कारण देवीचा बोकड तिथंच शिजवून तिथंच खायचा, शिवेबाहेर न्यायचा नाही. शिजवणार कोण? गुरव धरून पुरुष माणसं तीन, गुरवाची बायको माहेरी गेलेली. मी कागदांची पिशवी पत्र्याखाली एका कोपऱ्यात ठेवली, पातळाचा काष्टा खोचला आणि तीन दगडांची चूल मांडली. लाकडं ओली. फुंकून फुंकून डोळे लाल झाले, ते एक बरं झालं, कुणी विचारलं नाही. सुकं खोबरं आणि कांदा निखाऱ्यावर भाजला, गुरवाच्या पाट्यावर लसूण घालून वाटला, त्याच्याच घरचं तिखट घातलं. बोकड जून, शिजता शिजेना. साताऱ्याला त्या वेळी कुणीतरी शेवटची मुलगी आत गेली असेल, आणि मी डावानं मटणाचा तुकडा काढून बोटांनी दाबून बघत होते. अवी म्हणाला, ‘वा! काय वास सुटलाय!’ त्या दोघांनी भाताबरोबर आडवा हात मारला. मीही खाल्लं. प्रसाद टाकता येत नाही. आणि खोटं कशाला बोलू, रस्सा चांगला झाला होता.

डोंगरावरून खाली उतरून सातारा रस्त्याला लागायची वेळ आली, तिथं एका बाजूला सातारा आणि दुसऱ्या बाजूला पुणं. अवीनं जीप हळू केली. ‘आता काय उपयोग ना?’ असं तो नामादादाला म्हणाला. नामादादानं खांदे उडवले. मला कुणी विचारलं नाही. जीप पुण्याकडं वळली आणि अवीनं शीळ घालायला सुरुवात केली. मागची सीट आता मोकळी होती, ऐसपैस बसता येत होतं.

घरी आल्यावर आईनं आधी काय विचारलं असेल? ‘झाडलं का गं?’ मी म्हणाले, झाडलं. उशीर झाला, मुलाखत गेली, हे नामादादानं सांगितलं. आप्पांनी विडी पेटवली, बराच वेळ ओढली आणि म्हणाले, ‘एवढा वाडूळ झाडलं न्हाई मंजी देवीच्याच मनात न्हवतं. पोरीला लांब धाडू नगा, आसंच सांगत आसंल ती.’ झालं. माझ्या मॅट्रिकसाठी बोललेल्या नवसानं माझं पुढचं शिक्षण खाल्लं, आणि वर देवीचा शिक्का. पुढच्या साली बघू म्हणाले, पण दिवाळी सरली आणि माझं लग्न लागलं, मुळशीच्या धरणाकडच्या एका घरात. नवरा वाईट नव्हता. तो गेल्याला बरीच वर्षं झाली. आप्पांनी माझ्यापुढं विडी कधी विझवली नाही. नर्सबाई लग्नाला आल्या होत्या. अक्षता टाकून जेवायला न थांबता निघून गेल्या.

आता शनिवार-रविवारी शहरातली माणसं मोटारी भरून आमच्याकडं धरणाचं पाणी बघायला आणि चुलीवरचं मटण खायला येतात. ते मटण मी करते. दोन सुना हाताखाली आहेत, पाट्यावरचं वाटण बंद होऊन मिक्सर आला, पण तिखटाचा आणि मिठाचा हात अजून माझाच. आसपासच्या रिसॉर्टवाल्यांची मोठी पार्टी असली की मटणाची डेग आमच्याकडून जाते. परमेश्वराची करणी बघा, ज्या कामापायी मी साताऱ्याला पोचले नाही, त्याच कामानं माझं पोट भरलं.

मागच्या उन्हाळ्यात नामादादा फटफटीवर बसून आला. सत्तरी ओलांडली तरी डोळ्यांवर गॉगल. ‘शके, आमच्या अव्यानं पिक्चर काडलाय! माझ्यावर! आमच्या ट्रिपवर!’ अवी इतक्या वर्षांत मोठा डायरेक्टर झाला होता, मधे त्याचे काही पिक्चर पडले होते, आणि हा मात्र धो धो चालला. मोबाइलवर नामादादानं मला एक तुकडा दाखवला. त्यात बोकड होता. जीप होती. दोघं होते. मी परत परत मागची सीट बघत होते.

मग एका रविवारी सकाळी पाण्याकाठच्या रिसॉर्टच्या हॉलमध्ये गाववाल्यांसाठी फुकट खेळ ठेवला. नंतर जेवण, मटण अर्थात माझं. मी डेग सुनांच्या हवाली करून मागच्या रांगेत जाऊन बसले. पिक्चरमध्ये बोकड देवीपुढं उभा राहतो आणि झाडत नाही. नामादादाचं काम करणारा नट गुडघ्यावर बसून, बोकडाची दाढी धरून ते म्हणतो. आख्खा हॉल फुटला. माझ्या शेजारची बाई माझ्या मांडीवर थाप मारून हसली. पुढं तो बोकड सुटतो, पळतो आणि शेवटी तिघंही, म्हणजे दोन दोस्त आणि बोकड, गॉगल लावून सूर्याकडं जातात. बोकड वाचतो. मला वाचवायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही, कारण मी तिथं नव्हतेच.

खेळ संपल्यावर अवीनं नामादादाला स्टेजवर बोलावलं, त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि माइकमध्ये विचारलं, ‘नाम्या, सांग यांना, तो फेमस डायलॉग खरा कोणाचा?’ नामादादा लाजला, गॉगल सारखा केला आणि म्हणाला, ‘माझाच की!’ टाळ्या, शिट्ट्या. मी भावाचा चेहरा ओळखते. तो खोटं बोलत होता असं मला वाटलं असतं तर सोपं गेलं असतं. पण तो खोटं बोलत नव्हता. इतक्या वेळा पिक्चर बघून त्याला तसंच आठवत होतं.

जेवणाच्या वेळी अवी पानात रस्सा घेऊन थेट चुलीपाशी आला. केस सगळे पांढरे, पण तसेच लांब. ‘मावशी, मटण एक नंबर! तुम्हाला पुढच्या पिक्चरमध्ये घेतो.’ माझ्यापेक्षा मोठा माणूस मला मावशी म्हणाला. मी म्हणाले, ‘अवीभाऊ, मी शकू. नामाची भैन.’ तो क्षणभर बघत राहिला आणि मग त्याचा चेहरा खुलला. ‘अरे हो! शकू! केवढीशी होतीस गं तू तेव्हा, फ्रॉकमध्ये!’ मी हिरव्या पातळात होते. पण तेवढ्यात कुणीतरी त्याला फोटोसाठी हाक मारली आणि तो गेला.

सगळे पांगल्यावर नामादादा माझ्याकडं येऊन पाटावर बसला. त्याला जेवायला वाढलं. भात, वर रस्सा. तो पहिला घास घेऊन थांबला. ‘आयला, ह्याच चवीचं मटण खाल्लं हुतं बग त्या टायमाला, देवीपाशी.’

‘कुणी शिजवलं हुतं रं?’ मी विचारलं.

त्यानं घास तोंडात धरून विचार केला. मी वाट बघत होते. मनातून मी त्या बोकडापुढं बसले होते तशीच बसले होते, हात जोडून.

‘गुरवानं आसंल,’ तो म्हणाला, आणि पुढचा घास कालवत हसायला लागला. ‘शके, तूबी पायजे हुतीस गं तवा आमच्यासंगं. लई हसली आसतीस.’

‘व्हय,’ मी म्हणाले आणि त्याच्या भातावर अजून एक डाव रस्सा ओतला. ‘जीपमधी जागा न्हवती.’